साक्षीचा तुकडा

काउनासमध्ये जानेवारीत साडेआठला उजाडतं.
त्याआधीच नियोलेने मेणाचा ठोकळा बर्फावर ठेवलेला असतो.
गार झाल्याशिवाय मेण नीट कापत नाही,
आणि घाई करणारं माणूस इथे टिकत नाही,
असं ती नव्या मुलीला सांगते.

चार मायक्रॉन.
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ फीत सुटते,
कोमट पाण्यावर सुरकुत्या सोडते.
ती काचेवर उचलायची
सायीसारखी, न फाटता.

मग शीतकपाटातली ती इवली कुपी.
कुठल्याशा सशाच्या रक्तात शिकलेलं प्रथिन.
कर्करोग कशाशी खातात, त्या सशाला ठाऊक नव्हतं;
त्याला फक्त एक आकार टोचला होता
आणि तो त्याने जन्मभर धरून ठेवला.
आता तीच आठवण, एकास दोनशे पाणी घालून,
अर्धा तास पेशींच्या दारांवरून हात फिरवते:
वाढीचे निरोप घेणारं इथे कुणी राहतं का?
राहत असेल, तर उंबरठा तपकिरी होतो.

प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात, रुग्णाच्या तुकड्याशेजारी,
आणखी एक असतो, तिळाएवढा.
ठोकळा चारशे सतरा, साल तेरा.
एका बाईचा. नाव कागदांबरोबर तळघरात गेलं.
तिच्या पेशीपेशीला गर्द चौकट येते,
राईच्या पावाच्या कडेसारखी, रोज, न चुकता.
ती हो म्हणाली
तरच शेजारणीच्या 'नाही'वर डॉक्टर सही करतात.

"आणि हिचं स्वतःचं काय झालं?" रुगिले विचारते.
नियोले पाणी बदलायला उठते.

आज पातं ठोकळ्याच्या तळाशी पोचलं.
शेवटच्या फितीत मेणच जास्त.
नवा ठोकळा आलाय, तपासलाय, चांगला आहे.
तरी ती एक काच रंगवते,
कुणाच्याही शेजारची नाही, नुसती तिची.
भिंगाखाली सहा-सात पेशी.
सगळ्या हो म्हणणाऱ्या.

नोंदवहीत रकाना आहे: तपासणीचं कारण.
नियोले पेन टेकवते, टेकवलेलंच ठेवते.
शाईचा ठिपका पसरत जातो.
बाहेर ट्रॉलीबसच्या तारांवरून बर्फ झडतंय.
पुढची पेटी आली.
बारा बायका.