एकास बहात्तर

खोक्यावर छापलंय: मर्यादित आवृत्ती,
पाचशेपैकी एकशे अडतीस.
आत, पारदर्शक प्लास्टिकखाली, बाबांचं स्पिटफायर.
वीतभरसुद्धा नाही.
पंखांवर हिरवे-करडे पट्टे, शेपटीजवळ एक अक्षर,
आणि काचेच्या घुमटाखाली वाटाण्याएवढा
एक माणूस, तपकिरी टोपीतला.
त्याला चेहरा नाही. नाकडोळ्यांच्या जागी
रंगाचा एकच थेंब.

ते घेऊन आला राडोवान, ब्रनोहून, बसने,
एक्याण्णव सालच्या ऑक्टोबरात.
पाचशे प्रमाणपत्रांवर बाबांची सही हवी होती त्याला.
त्याआधी चाळीसेक वर्षं
ती सही फक्त पगाराच्या कागदावर व्हायची:
लितोवेलचा साखर कारखाना, बीट उतरवणी, तिसरी पाळी.
इंग्लंडकडून लढून परतलेल्या माणसाला
नव्या सरकारने दिलेलं आकाश
गोदामाच्या पत्र्यापर्यंत.

घरात विमानाचा विषय काढायचा नाही.
शाळेत विचारलं तर सांगायचं: वडील कामगार.
ते खोटंही नव्हतं.

तीन दिवस सह्या चालल्या.
दर पन्नास झाल्या की बाबा कडाकडा बोटं मोडायचे.
एकदाच म्हणाले,
"डाव्या पंखावर ठिगळ होतं.
ॲल्फने बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून लावलेलं.
ते कुठाय?"
राडोवानने वहीत लिहून घेतलं,
खाली दोन रेघा मारल्या.

रात्री मी हिशोब मांडला.
बहात्तरने भागलं तर डोव्हर ते कॅले
साडेचारशे मीटर. म्हणजे आमच्या दारापासून
बेकरीपर्यंत, जिथे बाबा रोज जायचे
दुखरा गुडघा ओढत,
आणि परतायचे, जाळीच्या पिशवीत सहा पाव.
वीस हजार फूट म्हणजे
कारखान्याच्या धुराड्याहून जरासं वर.
त्यांनी पाडलेल्या त्या दोघांना
कितीने भागायचं, कळेना.
कागद उलटा केला.
मागे वाणसामानाची यादी होती.

आई भिंग घेऊन बसली होती,
ज्याने ती एरवी औषधांच्या बाटल्या वाचायची.
"इथे काहीतरी लिहिलंय."
इंजिनाच्या कुशीला, पांढऱ्या,
मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांत.
"मेव्हिस."

बाबांचं पेन थांबलं नाही.
"ॲल्फची मुलगी," ते म्हणाले.
आणखी चार सह्या झाल्यावर: "बहुतेक."
आई म्हणाली, "रंगवलंय छान,"
आणि कॉफीचं पाणी ठेवायला उठली.

तेव्हापासून ते काचेच्या कपाटात,
लग्नातल्या सहा पेल्यांशेजारी.
शनिवारी आई धूळ पुसायची,
आधी पेले, मग घड्याळ,
विमान सगळ्यांत शेवटी.
पुसून ठेवताना त्याचं नाक
दर वेळी भिंतीकडे व्हायचं.

बाबा शहाण्णवच्या हिवाळ्यात गेले.
तेराव्या की चौदाव्या दिवशी मला दिसलं,
घुमट उघडा आहे, आत कुणी नाही.
मी गालिचा झटकला, कपाट सरकवलं,
व्हॅक्यूमची पिशवी वर्तमानपत्रावर रिकामी केली.
आई टीव्हीवर हवामान बघत होती.
"उतरला असेल," ती म्हणाली.
"विमानातून माणसं उतरतात."

आता आईही नाही.
परवा कोटाचं बटण तुटलं म्हणून
तिचा बटणांचा डबा काढला.
शिंगाची, शिंपल्याची, आणि त्यांच्यात बरीचशी
कारखान्याच्या निळ्या डगल्याची,
चार भोकांची, जाड.
त्यांच्यामध्ये, तळाशी, एक तपकिरी टोपी.

टोकदार नखाने मी त्याला जरा बाजूला केलं.
हवं ते बटण मिळालं.
डबा बंद करताना एकदा हलवून पाहिला.
आवाज सगळ्यांचा मिळून एकच येतो.