नॉबी, लेव्हल सत्त्याण्णव

क्लीथॉर्प्सला समुद्र रात्री इतका मागे जातो
की वाटतं, आता परत यायचा नाही.
अकरा नंबरच्या खिडकीतून नुसता चिखल,
आणि पार पलीकडे नांगरलेल्या जहाजांचे दिवे.

मिस्टर स्टॅम्प जागेच असतात.
वय सत्त्याण्णव. चाळीस वर्षं ट्रॉलरवर काढली,
बोटांची दोन पेरं उत्तरेच्या बर्फात ठेवून आले.
उरलेल्या बोटांना कंप आहे,
म्हणून बटणं मी दाबते.

खेळ पणतूचा. नाताळात विसरला
की मुद्दाम ठेवून गेला, कुणी विचारलं नाही.
रानोमाळ हिंडून प्राणी धरायचे, झुंजवायचे, वाढवायचे.
आमचा एक खेकडा आहे, पाठीवर दीपगृह असलेला.
चौथ्या लेव्हलला सापडला तेव्हा
दिव्याच्या जागी नुसती ठिणगी होती.
नाव नॉबी. ट्रॉलरवरच्या आचाऱ्याचं.
"तोही आडवाच चालायचा,"
याउपर त्या आचाऱ्याबद्दल काही कळलेलं नाही.

साडेतीनला सगळ्यांच्या कुशी बदलून झाल्या,
तक्त्यावर सह्या झाल्या, की मी येते.
तीच गुहा. तीच वटवाघळं.
एक पाडलं की निळी रेघ केसभर सरकते.
सुरुवातीला भराभर वाढला नॉबी,
एका रात्रीत पाच-पाच लेव्हल,
मिरजेतल्या माझ्या लेकासारखा,
ज्याची पँट इथून पोचेपर्यंत आखूड होते.
तो फोनवर विचारतो,
आई, याचे तुला पगारात पैसे देतात?

ऐंशीनंतर रेघ जागची हलेना.
दहा वटवाघळं. वीस.
अंगठा दुखून येतो, बाहेर डस्टबिनची गाडी येते,
आणि रेघ तिथेच.
"वरच्या पायऱ्या उंच असतात," म्हातारा म्हणतो.
"मला विचार."

ऑक्टोबरात दोघे बरोबरीला आले.
सत्त्याण्णव, सत्त्याण्णव.
त्या रात्री त्यांनी चहात साखर वाढवून मागितली
आणि मी, नोंद न करता, दिली.

डिसेंबरात नॉबी एकाने पुढे गेला
तर हे रुसले. चक्क रुसले.
मशीन उशीखाली, तोंड भिंतीकडे.
फेब्रुवारीत वाढदिवस झाला, केक मिक्सरमधून काढून चमच्याने भरवला,
अठ्ठ्याण्णव.
ओठांवरचं क्रीम पुसू न देता म्हणाले,
"हं. आता जाऊ दे त्याला पुढे."

गेला.
मार्चमधला एक मंगळवार, पहाटे पाचला दहा कमी.
समोर कुणी राक्षस नव्हता, राजा नव्हता,
तेच एक मरतुकडं वटवाघूळ.
चार सुरांची पिपाणी वाजली. शंभर.
बॅटरी लाल.
सवयीने मी आणखी एक पाडलं.
रेघच नव्हती. तिच्या जागी कोरा पडदा.

मला वाटलं हसतील, निदान हात वर करतील.
बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, "गुहेतून बाहेर काढ त्याला.
किनाऱ्यावर ने. कुणाशी भांडू नकोस."
नेला.
खेळातला समुद्र भरलेलाच असतो, चोवीस तास.
नॉबी वाळूवर आडवा-आडवा चालत राहिला,
पाठीवरचा दिवा गरगर फिरत होता,
आणि स्टॅम्प त्या दिव्याचे फेरे मोजत होते,
पुटपुटत, दर फेऱ्यामागचे सेकंद.

सातला चार्ज दिला.
वहीत लिहिलं: खोली अकरा, रात्र शांत,
चहा एकशेवीस मिली, लघवी दोनदा.
नॉबीसाठी रकाना नाही.

कोट चढवत होते तर हाक आली.
"ते बदक. तीन लेव्हलचं. खोक्यात कोपऱ्यात आहे बघ,
फार घाबरट आहे.
उद्यापासून त्याला घेऊ.
नाव तू ठेव."

ग्रिम्सबीच्या बसमध्ये
मी नावं आठवत बसले.
माझा स्टॉप केव्हाच मागे गेला होता.