पाय पुसून ये

टोमॅटोचं जुनं काचघर आहे हे.
वेलींना आधार द्यायच्या तारा अजून तशाच,
त्यांवर आता मकाव बसतात,
आणि काचेबाहेर फ्रीसलंडचा फेब्रुवारी,
राखाडी, ओला, आत यायला मागतो.

सिट्स्के मला आधी वही दाखवते, पक्षी नंतर.
नाव, जात, अंदाजे वय. शेवटचा रकाना: सोडण्याचं कारण.
घटस्फोट.
बाळाला ॲलर्जी.
मालक वारले. मालक वारले. मालकीणबाई वृद्धाश्रमात.
एका ठिकाणी, टापटीप अक्षरात: फार बोलतो.
‘मग शिकवलं कुणी?’ सिट्स्के म्हणते
आणि संत्र्याची साल बादलीत टाकते.

एक काकाकुवा छातीला उघडा,
पिसं स्वतःच उपटलेली. त्याला मोज्याचा स्वेटर.
माझ्या कोटाचं बटण तो निरखतो
सोनाराने गहाणाचा डाग निरखावा तसं.
एक ॲमेझॉन मायक्रोवेव्हसारखा वाजतो, तीनदा,
मग वाट बघतो
कुणीतरी दार उघडेल म्हणून.

मला वाटलं होतं, जंगल ऐकू येईल.
ऐकू येतात स्वयंपाकघरं.
खोकला, किल्ल्या, जिन्याची करकरणारी पायरी,
कुठल्याशा विकलेल्या घरातला फोन
आणि त्याला घाईघाईने दिलेली ओ: आले, आले.

अकराला व्हिब्रेन येतो, दर रविवारी, सायकलवरून.
ब्याऐंशी वर्षं. खिशात फोडलेले अक्रोड.
दाराशी पायपुसणं नाही, तरी
सिमेंटवर बूट घासतो, आधी डावा, मग उजवा,
आणि आपल्या करड्या योपसमोर स्टूल ओढतो.

योप ते वाक्य आता म्हणत नाही.
इथे त्याला जोडीण मिळाली, त्याच्याचसारखी करडी,
दोघं दिवसभर काहीबाही पुटपुटतात,
त्यात माणसाचा एकही शब्द नाही.
चांगलं लक्षण आहे, सिट्स्के सांगते.
चांगलंच की, म्हणतो व्हिब्रेन,
आणि अक्रोडाचा तुकडा जाळीतून सरकवतो.

पण चौथ्या पिंजऱ्यातला निळा मकाव,
ज्याने येल्त्येला कधी पाहिलंही नाही,
माझे चिखलाचे बूट पुढे सरकताच
ओरडतो, ठसठशीत बाईच्या आवाजात:
‘पाय पुसून ये! आत्ताच पुसलंय मी!’
मग पलीकडची लोरी. मग दोन ॲमेझॉन,
मायक्रोवेव्ह अर्ध्यावर टाकून.
काचघरभर एक गेलेली बाई
फरशी पुसत फिरते,
आणि कुणाच्याशा वाढदिवसाला आलेली पोरं
खिदळत खिदळत
खरंच बूट घासायला लागतात.

मी म्हाताऱ्याकडे बघायचं टाळते.
कुणाचा संसार असा चव्हाट्यावर…
‘चुकतंय,’ तो म्हणतो.
गुडघ्यांवर हात टेकून उठतो, चौथ्या पिंजऱ्याशी जातो.
‘शेवटचा शब्द लांबवायची ती.
तिथे पोचेपर्यंत राग संपलेला असायचा.’
आणि जाळीला तोंड लावून,
घोगऱ्या, न जमणाऱ्या बायकी आवाजात,
त्या तिऱ्हाईत पाखराला पुन्हा पुन्हा ऐकवतो.

मकाव मान वाकडी करतो.
अक्रोड घेतो. बोलत काहीच नाही.

निघताना मी बूट पुसले.
बाहेर पडताना.