पाणी नावाची फाईल

"तीन दिवस उरले" असं पिवळ्या चौकटीत
आप्पांचा कॉम्प्युटर आठवडाभर ओरडत होता.
आज चौकट लाल झाली.
"मुजीब, येऊन बघ बरं बाबा, काय म्हणलालंय हे,"
आणि मी देगलूर रोडवरचं शटर अर्धं ओढून निघालो.
बॅगेत अँटिव्हायरसचा एक डबा.
डब्यामागं मला एकशे साठ सुटतात.

हुडग्यांच्या घरी मॉनिटरला उशीचा अभ्रा घालतात.
कीबोर्डवर विभूतीची पूड, स्पेसबारवर जरा जास्त.
आत गाणी नाहीत, खेळ नाहीत,
पुण्याच्या नातवाचे थोडे फोटो
आणि एक फाईल : पाणी.
२००६ पासून नळ कोणत्या तारखेला आला, किती वाजता,
किती वेळ, धार कशी. शेवटचा रकाना शेऱ्याचा :
गढूळ.
मोटार जळाली.
आलंच नाही, लाइनमनला बोललो.
महादेवी गेली. पाणी त्याच रात्री, पहाटेपर्यंत.

वीज मंडळात मीटर वाचून रिटायर झालेला माणूस,
आकडा टिपल्याशिवाय त्याला घास जात नाही.

"घ्यावं का रे हे औषध परत? खरं सांग."

खरं सांगायचं तर
एक काळ होता. झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह घरी यायचा
आणि रातोरात सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट व्हायचे.
बी.एड.चे प्रकल्प, बारशाचे फोटो,
लोक माझ्या काउंटरला धरून रडलेत.
तेव्हा हा डबा म्हणजे दारात बांधलेलं कुत्रं.
आता विंडोजनं आपलंच एक पाळलंय, फुकटचं,
भुंकत नाही फार, पण झोपतही नाही.
एका दारात दोन बांधली
तर चोराआधी एकमेकांवरच जातात,
आणि आप्पांच्या चार जीबीच्या मशीनला धाप लागते.

एवढं सांगायला काय लागतं?
डबा बॅगेत होता. एकशे साठ.

आणखी एक होतं, जे नसरीनलाही सांगितलेलं नाही.
मे महिन्यात मोबाइलवर लग्नपत्रिका आली,
ओळखीच्याच नंबरवरून.
शेवटी पीडीएफच्या जागी तीन वेगळी अक्षरं :
ए, पी, के.
बावीस वर्षं गल्लीला बजावतोय, भलतंसलतं उघडू नका,
त्या मी ती उघडली.
लग्न होतं. जेवायला जायचं होतं.
अठरा हजार चारशे, रात्री दोनला, तीन घासांत.
दुकानातल्या तिन्ही कॉम्प्युटरांवर तेव्हा
हिरवी खूण तेवत होती : आपण सुरक्षित आहात.

मी म्हणालो, "नाही घेतलं तरी चालतंय, आप्पा."

आप्पा हसले.
"नळ बारा दिवसाला येतो म्हणून नळपट्टी थांबली का?
भरलालोच की वर्षाचं."

या हिशेबावर माझ्याकडं तोड नव्हती.
डबा काढला नाही. पेन ड्राइव्ह काढला,
एकोणीस वर्षांचं पाणी त्यात उतरवून घेतलं,
सेकंदही लागला नाही.
"हे देवघरात ठेवा, कॉम्प्युटरजवळ नको.
आणि फोनवर कुणी आकडा विचारला, तर…"
"आकडे मी लिहितो," आप्पा म्हणाले, "सांगत नाही."

मला माझा मे महिना आठवला, गप्प बसलो.

तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, आलं, आलं,
आणि सत्याहत्तर वर्षांचे आप्पा
धोतराचा सोगा तोंडात धरून मोटारीकडं पळाले.

अभ्रा जमिनीवर. लाल चौकट तशीच.
मी फाईलमध्ये नवी ओळ घेतली :
तारीख. चार वाजून चाळीस. धार बारीक.
शेऱ्याचा रकाना सोडला, तो माझा नव्हे.
चौकटीवर "नंतर आठवण करा" दाबलं
आणि नळीचं तोंड धरायला बाहेर गेलो.