कुर्ली

पाचव्या वळणावर मागचं अंग पुन्हा सुटलं.
अणुस्कुरा घाट, पहाटे साडेतीन, बावीस क्रेट बांगडा,
वर बर्फ, त्यावर ताडपत्री.
स्टिअरिंग सरळ धरलेलं
आणि गाडीची पाठ दरीकडे बघून आली.

झालं काही नाही. एक क्रेट गेलं,
तेही कोल्हे खातील, म्हणजे वाया नाही.

कोल्हापुरात एकजण म्हणाला, पाटा कमी पडतोय.
दोन्ही बाजूंना एकेक वाढवला, चहा पाजला, पैसे घेतले.
गाडी मागून उंच झाली, नव्या जावयासारखी ताठ.
रिकामी असली की खड्ड्याखड्ड्याला उडायची,
भरली की परत तेच:
साठच्या वर एक डुलकी,
मग त्या डुलकीला उत्तर म्हणून दुसरी.

सोलकरांच्या दाऊदचं गॅरेज नाट्याच्या खाडीलगत.
चिऱ्याच्या दोन भिंती, तिसऱ्या बाजूला उंडीचं झाड.
तो आधी गाडीखाली गेलाच नाही.
म्हणाला, चालव. तिकडे, जाळी सुकवतात तिथे.
भरतीचं पाणी नुकतंच ओसरलेलं, वाळू घट्ट.
मी सरळ गेलो, थांबलो.
तो खुणांपाशी उकिडवा बसला.
मागचं चाक पुढच्याच्या वाटेने आलंच नव्हतं,
बाजूने स्वतःची वाट काढत आलं होतं.

"कुर्ली आहे तुझी ही.
तोंड एकीकडे, चाल भलतीकडे."

खिशातून जाळ्याचा दोरा काढला.
उजव्या अंगाला पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत ताणला,
गाठ मारली.
तोच दोरा डावीकडे नेला.
गाठ हबच्या पलीकडे गेली, अंगठाभर.
एवढंच. अंगठाभर.

जॅक, खाली दोन चिरे, चाक बाहेर.
यू-बोल्ट गंजून नटाशी एकजीव झालेले.
पाना घसरला. मग गॅस, मग घण, मग शिवी, मग परत घण.
पाटे उलगडले तेव्हा मधला बोल्ट,
ज्याने सगळ्यांना जागेवर धरायचं,
दोन तुकडे होऊन पडला.
"हा घाटात तुटला नाही. कड बघ, आतपर्यंत तांबडी.
दिवाळीआधीचा आहे."

शॅकलचे बुश त्याच्या चिमटीत चुरले.
"मासे वाहतोस ना? पाणी कुठे जातं?"
मला वाटायचं, रस्त्यावर.
तीन वर्षं ते पाट्यांवर जात होतं.

दिवाळीआधी.
तेव्हा लवू मागे बसायचा, क्रेटांवर, गोणपाट गुंडाळून.
उतरला की सांगायचा,
काका, माझ्याखाली कायतरी सरकतंय.
मी म्हणायचो, तुझं डोकं सरकतंय.
पुढच्या काचेतून सगळं सरळच दिसतं.
नोव्हेंबरात तो यायचा थांबला
आणि मी अख्ख्या जेटीला सांगितलं, घाबरट निघाला.

दाऊदने वाढवलेले पाटे काढून भिंतीला टेकवले.
नवा मधला बोल्ट, नवे बुश, नवे यू-बोल्ट.
शॅकल मात्र आवळले नाहीत, गाडी खाली येऊ दिली.
"तिचं वजन तिच्या पायांवर येऊ दे. मग आवळायचं.
लटकत असताना आवळलेलं टिकत नाही."
हौद्याला एक नळी काढून दिली,
पाणी पाट्यांच्या पलीकडे पडेल अशी.
दोरा परत लावला. गाठ हबवर.
"दोनशे किलोमीटरनंतर ये, नट बघू."

वाळूत परत चालवली. आता खुणा दोनच.

पैसे दिले, तो दोराही मागून घेतला.
कशाला, ते त्याने विचारलं नाही.

लवूच्या दारात गाडी उभी केली.
तो बाहेर आला, माझ्याकडे न बघता मागे गेला.
दोन्ही हातांनी हौदा खाली दाबला, सोडला.
गाडी एकदा खाली गेली, वर आली, थांबली.
परत दाबला. परत थांबली.
"हां," म्हणाला.

मला जे बोलायचं होतं
ते तोंडातून बांगड्याच्या भावाबद्दल निघालं.
खिशात हात होता, बोटं गाठीवर.