वीस रिकामे

मिसेस ऑगडेन मला हेरिंग म्हणतात.
हेरंब त्यांच्या कवळीत अडकतो, मासा तेवढा सुटून येतो.
विटबीत हे नाव काही वाईट नाही,
बंदरामागच्या गल्लीत अजून त्याला धुरी देतात.

त्यांची स्कूटर लाल, पुढे टोपली.
दोन हिवाळ्यांत निम्मी म्हातारी झाली.
चढावरच्या दुसऱ्या वळणाला हटकून बसायची,
आणि सीगल हँडलवर उतरून शिव्या द्यायचे.
रोज रात्री शंभर करून झोपत होत्या त्या.
रेशनच्या काळातलं पोर,
रिकामं काही ठेवत नाही.

मी म्हटलं, पूर्ण भरलेली बॅटरी सुखात नसते.
रात्रभर कड्याच्या टोकावर उभी असते,
वारा नसतानाही अंग आवळून.
ऐंशीवर काढा.
विसाच्या खाली उतरू देऊ नका.
आणि पोर्चमध्ये गारठलेली असताना तर लावूच नका,
आधी स्वयंपाकघरात आणा, ऊब येऊ द्या.

"म्हणजे मांजरच की," त्या म्हणाल्या.

टायमर मी आणला. साडेतीन तास, मग खट्.
पुढे पुढे तो खट् ऐकूनच
त्यांच्या खोलीतला दिवा मालवायचा.

त्यांना कसं सांगणार,
मी आलो त्या घरात डबा खडखडला
तरी तांदूळ संपले म्हणत नाहीत, वाढले म्हणतात.
पानावर आडवा हात धरला तरी
बोटांच्या फटीतून आमटी पडतेच.
काठोकाठ हा आमच्याकडे आशीर्वाद,
आणि मी इथे दुसऱ्याच्या पोर्चमध्ये गुडघे टेकून
उणेपणाचं घड्याळ लावतोय.

नोव्हेंबरात त्यांनी केक कापला.
"ऐंशी झाले. काढ आता मलाही प्लगमधून."
हसताना त्यांना खोकला लागला, बराच वेळ.

मार्चमध्ये दार वाजलं.
"उद्या शंभर कर, हेरिंग."
कुठे?
"रूळ उखडलेत त्या वाटेने, पुढच्या खाडीपर्यंत.
रॉन तिथे सिग्नल ओढायचा, आमच्या लग्नाआधी."

जाऊन येऊन बारा मैल. चढ. परतताना समोरचा वारा.
मी कागदावर मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं.
मग टायमर काढून खिशात टाकला.
पहाटे पाचला लावली,
म्हणजे शंभर होताच निघता येईल,
कड्यावर ताटकळायला नको.

संध्याकाळी फाटकापाशी उभा राहिलो.
दिवे लागले. सीगलही गप्प झाले.
त्या आल्या तेव्हा चालणारा माणूसही पुढे गेला असता.
डॅशवर चार.
टोपलीत ओला मफलर, आणि गंजलेला एक बोल्ट.

मी वायर उचलली.
"थांब," त्या म्हणाल्या,
"गरम आहे ती अजून."
आणि हातमोजे न काढताच
बाजूच्या खुर्चीत बसल्या.