मापांची वही

ब्लाउजांची मापं लिहायची वही ही.
छाती, कंबर, बाही, गळा मागून किती खोल.
वरच्या फळीवर होती म्हणून राहिली.
मशीन गेलं.

पाणी उतरल्यावर पाचव्या दिवशी
टेप गळ्यात घालून मी गल्लीच्या तोंडापासून निघाले.
घराघरात भिंतीवर गाळाची रेघ,
गवंड्यानं दोरी धरून मारावी तशी सरळ.
यास्मिन बागवान, एकसष्ट इंच.
ओव्हाळमावशी, अठ्ठावन्न, देव्हाऱ्याच्या वर चार बोटं.
लोंढेमामा, एकाहत्तर.
मामांची स्वतःची उंची चौसष्ट.
रात्री दीडपासून ते पत्र्यावर बसून होते
शेजारच्यांची शेळी मांडीवर घेऊन.
शेळी अजून त्यांच्याच मागं फिरते.

हणमंत वैराटनं दार अर्धंच उघडलं.
आत चुन्याचा वास.
"रेघ पुसली मी. पोरीला बघायला येणारेत रविवारी.
माझं नाव नको लिहू."
मी नाव लिहिलं. पुढं जागा सोडली.

भिडे पूल बुडाला की शहर फोटो काढायला येतं.
आमच्याकडे कोण येणार, तर महापालिकेचा माणूस,
बैठक शाळेत, पाचवीच्या वर्गात,
मोठी माणसं लहान बाकांवर, गुडघे हनुवटीला.
कनिष्ठ अभियंता खळदकरांनी नकाशा उलगडला.
ही निळी रेषा. ही लाल.
"आम्ही कुठं यात?" यास्मिननं विचारलं.
त्यांनी बोट ठेवलं.
सगळी वस्ती त्यांच्या नखाखाली मावली.

धरणातून तीस हजार क्युसेक, ते म्हणाले.
मावशींनी हात वर केला, वर्गातच होतो ना.
"क्युसेक म्हणजे किती हंडे?"
कुणी हसलं नाही.
खळदकरांनी फळ्यावर भागाकार मांडला, खोडला, परत मांडला.
"सेकंदाला दोन. मोठे हंडे."
म्हणजे साठ हजार हंडे, एका सेकंदात,
आणि आमच्या नळाला पाणी चाळीस मिनिटं.

मग भांडण झालं, व्हायचंच होतं.
कुणाला नदीच्या अंगाला भिंत हवी.
भिंत घातली तर ओढ्याचं पाणी कुठून जाणार, लोंढेमामा विचारत राहिले.
कुणी म्हणालं, द्या लांब कुठं फ्लॅट, आठव्या मजल्यावर का होईना.
आणि भंगाराची हातगाडी? लिफ्टमधून नेऊ?
दोन तास गेले. चहा संपला.
शेवटी यास्मिन बोलली, तिचा आवाज मुळात बारीक:
"त्या रात्री आपण सगळे याच शाळेच्या गेटपाशी होतो.
वर दोन मजले कोरडे.
गेटला कुलूप. वॉचमन हडपसरला."

खळदकरांनी पेनाचं टोपण काढलं.
भिंत, भराव, निधी हे सगळं खाली गेलं.
पहिलं कलम: शाळेची किल्ली वस्तीतल्या तिघांकडे.
दुसरं, भोंगा झाला की कोण कुणाचं दार ठोकणार,
नावानिशी.
लोंढेमामांचं दार माझ्या वाट्याला आलं.
शेळीसकट, मामा म्हणाले.

हणमंत त्या रात्री आला, उंबऱ्याबाहेर थांबला.
"माप घे," म्हणाला, "भिंतीवर नाही, माझ्यावर आहे."
गळ्याच्या खळगीवर बोट टेकवलं.
"इथवर. आईला खांद्यावर घेतलेलं,
म्हणून नीट लक्षात आहे."
सत्तावीस वर्षं बायकांचीच मापं घेतली मी.
टेपचं टोक त्याच्या अंगठ्याखाली दाबलं, वर नेली.
त्यानं श्वास धरून ठेवला होता.
सोड, म्हटलं, माप चुकतं.
पंचावन्न.

वहीची झेरॉक्स नेली खळदकरांनी, सगळ्या पानांची.
सतराव्या पानावर कुणाची तरी बाही साडेनऊ, अस्तर लावून,
तेही गेलं असेल आराखड्यात.
त्याचं काय होतंय ते बघू, भिंतीचं काय होतंय तेही.
एक किल्ली माझ्याकडे आहे.
मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवीन.
मशीन येईपर्यंत गळ्यात.